मका आणि खुर्ची : गुराखी पोरगा रशियाचा सत्ताधीश कसा झाला अन् घरी कसा बसला

५ मार्च १९५३ ला रशियात स्टॅलिन मेला, तेव्हा त्याच्यामागं कोण, हे कुठंच ठरलेलं नव्हतं. पक्ष एकच, निवडणूक नावापुरती. त्यामुळं वारस ठरणार तो बंद दाराआडच. मालेन्कोव्ह पुढं होता, गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याची सगळ्यांनाच धास्ती होती. निकिता ख्रुश्चेव्ह यांना मात्र कुणी फारसं मोजत नव्हतं. बुटके, टकले अन् बोलणं खेडवळ.

१८९४ साली युक्रेनच्या सीमेजवळच्या कालिनोव्का खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म. लहानपणी गुरं राखली, शाळा जेमतेम झाली, पुढं दोनबासच्या खाणीत फिटरचं काम केलं. १९१८ ला पक्षात आले अन् स्टॅलिनच्या मर्जीनं मॉस्को, मग युक्रेन सांभाळलं. त्या काळात माणसं पकडून मारली जात होती, त्यात यांचाही हात होता. ते धुतल्या तांदळासारखे नव्हते.

पण डाव ओळखण्यात पक्के. जून १९५३ मध्ये बाकीच्यांना आतून एकत्र करून त्यांनी भर बैठकीत लष्करी अधिकाऱ्यांकडून बेरियाला धरलं. डिसेंबरात त्याला गोळी घातली. सप्टेंबरातच पक्षाचं पहिलं सचिवपद ख्रुश्चेव्ह यांच्याकडं आलं होतं. लोकांना हे पद कारकुनी वाटायचं, पण कोणत्या जिल्ह्यात कोण बसवायचा, हे तिथूनच ठरायचं. खरी चावी तीच.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी बंद दाराआड स्टॅलिनचे गुन्हे मांडले. जुनी मंडळी बिथरली. जून १९५७ मध्ये वरच्या मंडळात बहुमत त्यांच्याविरुद्ध गेलं. आपल्याकडं अविश्वास ठरावात मेंबर सहलीला नेतात, इथं उलटं झालं. निर्णय मोठ्या केंद्रीय समितीत होईल, असा हट्ट ख्रुश्चेव्ह यांनी धरला. संरक्षणमंत्री झुकोव्ह यांनी लष्करी विमानं पाठवून लांबलांबचे सदस्य मॉस्कोत आणले अन् पारडं फिरलं. हरलेल्यांना मात्र गोळी घातली नाही. मालेन्कोव्हला कझाकस्तानात वीजकेंद्रावर धाडलं, मोलोतोव्हला मंगोलियात राजदूत केलं. रशियात हे नवीनच होतं. चारच महिन्यांत झुकोव्ह यांचीही गच्छंती झाली, ते वेगळं.

१९५५ मध्ये ते भारतात येऊन गेले, मुंबईही पाहिली. राजस्थानातल्या सुरतगडचं यांत्रिक शेत रशियानं दिलेल्या यंत्रांवरच १९५६ ला उभं राहिलं.

शेती हा त्यांचा जीव की प्राण. कझाकस्तान, सायबेरियाची पडीक जमीन नांगरायला घेतली. १९५६ ला पीक जोरदार आलं, पण पुढं माती वाऱ्यानं उडाली. १९५९ ला अमेरिकेत आयोवातलं मक्याचं शेत पाहून आले. मका पेरा, असा धोशा तर त्याआधीपासूनच होता. जिथं उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, तिथंही वरून आदेश म्हणून मका पेरला गेला. कणीस धरणार कसं? नाही म्हणायची खालच्या अधिकाऱ्याची हिंमत नव्हती. १९६३ ला दुष्काळ पडला अन् परदेशातून गहू विकत घ्यावा लागला.

ऑक्टोबर १९६४ मध्ये ते काळ्या समुद्राकाठी सुट्टीवर होते. बैठकीला या, असा मॉस्कोतून फोन आला. यावेळी केंद्रीय समितीही आधीच बांधून ठेवलेली होती. ज्यांना त्यांनी वर आणलं, त्या ब्रेझनेव्ह यांनीच त्यांची जागा घेतली. वय अन् तब्येतीमुळं पदमुक्त, एवढंच पेपरात आलं. ब्रेझनेव्ह पुढं १८ वर्षं, मरेपर्यंत खुर्चीवर राहिले.

ख्रुश्चेव्ह यांना पेन्शन अन् मॉस्कोबाहेर घर मिळालं. तिथं ते भाजीपाला पिकवायचे अन् टेपरेकॉर्डरवर आठवणी सांगायचे. ११ सप्टेंबर १९७१ ला गेले. क्रेमलिनच्या भिंतीपाशी जागा मिळाली नाही, दुसऱ्या स्मशानभूमीत दफन झालं. थडग्यावरचा काळ्या-पांढऱ्या दगडांचा स्मारकस्तंभ घडवला तो नेइझ्वेस्तनी या शिल्पकारानं. १९६२ च्या प्रदर्शनात ख्रुश्चेव्ह यांनी सगळ्यांदेखत झाडलं होतं, ते यालाच. काम त्याच्याकडंच द्यायचं घरच्यांनी ठरवलं अन् त्यानं ते घेतलं.