टिळक दांपत्याचा संसार

कै. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म सन १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर गावी झाला. बालवयातच त्यांचा विवाह कवि नारायण वामन टिळक यांजशी झाला. बाईंनी शाळा पाहिली नव्हती. लिहावयास-वाचावयास त्यांस पतीनेच शिकविले. टिळकांचा स्वभाव तापट व हात सढळ. म्हणून घरात वारंवार खटके उडत. सन १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तर उभयतांची कित्येक वर्षे ताटातूट झाली. तथापि त्यांचा पत्रव्यवहार तुटला नाही. पुढे बाई अहमदनगरास पतीकडे आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी एकदम टाकले नाही. मन वळल्यावर, सन १९०० मध्ये, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सन १९१९ मध्ये टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरे राहिले होते. ज्या हातास त्यांनी अक्षरे गिरवावयास लाविले, त्याच हाताने ते पूर्ण केले. सन १९३६ मध्ये बाईंचा अंत झाला.

प्रिय वाचकहो, भांडण कोणत्या घरी होत नाही? परंतु रागातही बोलणे बंद पडू न देणे, जे आपणास येते ते जोडीदारास शिकविणे, व त्याच्या मनावर बळजबरी न करिता वाट पाहणे, या सवयींनीच संसार टिकतो.