विल्बर राइट आणि सटकणारी चेन



राइट बंधूंविषयी शिकवताना आपण सगळे साधारण एकच गोष्ट सांगतो. दोन भाऊ होते, त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी विमान उडवलं. यातल्या सायकलच्या दुकानावरून आपण भरकन पुढे निघून जातो. मला मात्र वाटतं की मुलांना सांगण्यासारखं खरं तिथेच आहे. म्हणून आज दोघांपैकी थोरल्याची, विल्बरची गोष्ट लिहिते आहे, आणि ती सायकलच्या चेनला धरून लिहिते आहे. लांबच्या वस्तीवरून सायकलने शाळेत येणाऱ्या मुलांच्या सायकली बहुतेक दादाने नाहीतर काकाने वापरून झालेल्या असतात. चेन पडणं म्हणजे काय हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. (मुलांना सांगताना मी विल्बरला एकेरीच म्हणते, इथेही तसंच ठेवते.)

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिलव्हिल गावाजवळचा. वडील मिल्टन राइट चर्चचे धर्मगुरू, पुढे बिशप झाले. ते कायम फिरतीवर. घरात पुस्तकं भरपूर होती ती वडिलांमुळे, पण हातातली कला आली ती आईकडून. आई सुझन ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कारखान्यात ती लहानपणापासून वावरली होती. घरातली मोडकी वस्तू दुरुस्त करायची, मुलांना खेळणी करून द्यायची, हे काम त्या घरात आईचं होतं. पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं, कारण आपल्याकडे पाना आणि पक्कड अजूनही बाबांच्याच हातात असते.

विल्बर अभ्यासात हुशार. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना काठी तोंडावर बसली आणि पुढचे दात गेले. त्यानंतर तब्येत ढासळली. येल विद्यापीठात शिकायला जायचा विचार मागे पडला. सुमारे तीन वर्षं तो घरातच राहिला. त्याच काळात आईचा क्षय वाढला होता. तिची सेवा करायची आणि उरलेला वेळ वडिलांची पुस्तकं वाचायची, एवढंच त्याचं जग होतं. ४ जुलै १८८९ रोजी आई गेली. विल्बर तेव्हा बावीस वर्षांचा. कॉलेज नाही, नोकरी नाही. चार वर्षांनी लहान असलेल्या ऑर्व्हिलने ओहायो राज्यातल्या डेटन शहरात छापखाना काढला होता, त्यात विल्बर मदत करू लागला.

१८९२ मध्ये दोघांनी सायकली घेतल्या. दोन्ही चाकं सारख्या मापाची आणि मागच्या चाकाला चेनने ओढ देणारी सायकल तेव्हा नवीन होती आणि अमेरिकेत तिचं वेड पसरत होतं. ऑर्व्हिलने १६० डॉलर मोजून कोरी कोलंबिया घेतली. विल्बरने काही महिने थांबून लिलावात ८० डॉलरला वापरलेली ईगल घेतली. म्हणजे आपल्या नायकाची सायकल सेकंडहँड होती बरं का. ऑर्व्हिलला शर्यतींची हौस, तर विल्बरला गावाबाहेरच्या रस्त्यांवर सावकाश फिरायला आवडायचं. दोघांचे हात चांगले असल्यामुळे मित्र आपापल्या सायकली दुरुस्तीला आणू लागले, आणि वर्षअखेरीस भावांनी दुकानासाठी जागा घेतली. सायकली विकणं, भाड्याने देणं, जुन्या दुरुस्त करणं असं सगळं तिथे चालायचं. १८९६ पासून ते स्वतःच्या नावाच्या सायकली बनवू लागले.

इथे जरा थांबून चेनविषयी बोलू या.

त्या वेळच्या बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरायचं, आणि वेग कमी करायचा तर पायानेच पायडल दाबून धरायचं. उतारावर चेन उतरली तर सायकल आवरायचं मोठं साधनच हातचं गेलं, खरं तर पायचं गेलं. त्यामुळे दुकानदाराने चेन नुसती बसवून देणं पुरेसं नव्हतं. ती का उतरली हे शोधावं लागायचं.

आजच्या जुन्या सायकलीलाही हेच लागू आहे. चेन सटकते म्हणून पोरं दर वेळी काडीने ती वर चढवतात आणि हात काळे करून घेतात. पण सटकण्याची कारणं वेगवेगळी असतात. चेन नुसती सैल झाली असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करायचे, चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे ओढायचं आणि नट पुन्हा घट्ट आवळायचे. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन साधारण एक ते दोन सेंटिमीटर खालीवर व्हावी. फार ताणली तर पायडल जड जातं. चाक तिरकं बसलं तर चेन एका बाजूला घासत राहते आणि पुन्हा उतरते. हे करूनही चढावर जोर लावला की खटकन दात सोडत असेल तर मग चेनची झीज बघायची. आपण म्हणतो चेन ताणली गेली. खरं तर लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक कडीतली पिन थोडी थोडी झिजते आणि कड्यांमधलं अंतर वाढतं. दात जुन्याच अंतरावर असतात, चेन मात्र लांबलेली, मग ती दातावर चढते आणि उडी मारते.

हे वर्गातल्या पट्टीने मोजता येतं. आपल्या साध्या सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. फूटपट्टीचं टोक एका पिनेच्या मध्यावर धरा आणि चोविसावी पिन कुठे येते ते बघा. बारा इंचांच्या पुढे एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर गेली असेल तर चेन बदलायलाच झाली. मागच्या फ्रीव्हीलचे दातही त्याच वेळी बघा. झिजून आकड्यासारखे वाकडे दिसत असतील तर फ्रीव्हीलही बदला, कारण झिजलेल्या दातांवर कोरी चेन टाकली तर ती जुनीपेक्षाही जास्त सटकते. कधी एखादीच कडी गंजून अडकलेली असते. पायडल हळूहळू उलटं फिरवलं की ती बरोबर उचकी देते. तिला तेल देऊन, इकडे तिकडे हलवून मोकळी करायची. आणि चेन जागेवर असूनही पायडल रिकामं फिरत असेल तर दोष चेनचा नाही, फ्रीव्हीलच्या आतले खटके चिकटलेले असतात.

असं कारण शोधत बसण्याची सवय विल्बरला दुकानात किती लागली आणि स्वभावात आधीच किती होती, ते कोण सांगणार! पण उडण्याच्या प्रश्नाकडे त्याने असंच बघितलं हे नक्की. १८९६ मध्ये जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल ग्लायडर कोसळून मरण पावला. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीची माहिती मागवली. आणखी मोठं इंजिन कसं मिळेल या मागे बरेच जण लागले होते. विल्बरला सायकलवरून माहीत होतं की ती आपोआप उभी राहत नाही, चालवणारा क्षणाक्षणाला तिला सावरतो. हवेतही तसंच सावरता आलं पाहिजे, हा त्याचा धागा. पंख कसे पिळायचे ते त्याला दुकानातच सुचलं, सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळताना. १९०१ मध्ये पंखांचे आकार तपासायला त्यांनी सायकलच्या हँडलसमोर एक आडवं चाक बसवलं आणि वाऱ्यासाठी ती सायकल रस्त्यावरून जोरात पळवली.

१९०३ च्या यंत्राचं इंजिन दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने बनवलं, सुमारे १२ अश्वशक्तीचं. मागचे दोन पंखे फिरवायला चेनच वापरली, मागवलेली इंडियानापोलिसच्या एका चेन कंपनीकडून. इंजिनाच्या बाजूला ८ दातांची चक्रं आणि पंख्यांच्या बाजूला २३ दातांची. सायकलमध्ये मोठं चक्र लहान चक्राला पळवतं, इथे उलट, लहान चक्र मोठ्याला सावकाश फिरवतं. २३ भागिले ८ करायला सांगा मुलांना, इंजिनाच्या किती फेऱ्यांत पंख्याची एक फेरी ते निघतं. दोन पंखे एकमेकांच्या विरुद्ध फिरायला हवे होते म्हणून एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली. चेन हेलकावे खाऊ नयेत म्हणून त्या नळ्यांमधून नेल्या.

सप्टेंबरच्या अखेरीस भाऊ नॉर्थ कॅरोलिनात किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर पोचले. ५ नोव्हेंबरला इंजिन पहिल्यांदा तिथे सुरू केलं तर ते धक्के देऊ लागलं. त्या धक्क्यांनी चेनची चक्रं सैल झाली आणि पंख्यांचे शाफ्ट बिघडले. शाफ्ट दुरुस्तीला डेटनला गेले. २० नोव्हेंबरला परत आले, बसवले, इंजिन लावलं, तर चक्रं पुन्हा सैल! कितीही आवळा, नट फिरून मोकळे व्हायचे. थंडी वाढत होती. तिकडे वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनचेच प्रमुख सॅम्युएल लँगली सरकारी पैशातून आपलं विमान उडवायच्या तयारीत होते. दोघा भावांचा चार वर्षांचा खटाटोप एका सैल नटापाशी येऊन अडला होता.

त्यांनी सायकलचं टायर रिमला चिकटवायचा सिमेंटसारखा गोंद घेतला. आपल्या पंक्चरवाल्याकडे सोल्युशन असतं ना, तसाच काहीसा, पण वाळल्यावर कडक होणारा. तो गरम करून आट्यांमध्ये ओतला आणि नट आवळले. चक्रं जागची हलली नाहीत.

सैल होण्याशी त्यांची ओळख जुनी होती. पायडल फिरता फिरता उसवून निघतं म्हणून १९०० मध्ये त्यांनी आपल्या सायकलींच्या एका पायडलला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे दिले होते. आपल्याही सायकलींना असंच असतं. डावं पायडल काढताना पाना उलट्या दिशेने फिरवावा लागतो, तो यासाठीच.

एवढं होऊनही २८ नोव्हेंबरला एका शाफ्टला तडा गेलेला दिसला. शाफ्ट पोकळ नळीचे होते. ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला आणि स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव शाफ्ट घेऊन ११ डिसेंबरला परतला. मधल्या काळात, ८ डिसेंबरला, लँगलींचं विमान पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. १४ डिसेंबरला नाणं उडवून विल्बरची पाळी आली. यंत्र उठलं, नाक जास्तच वर झालं, आणि साडेतीन सेकंदांत ते खाली आदळलं. दुरुस्ती झाली. १७ तारखेला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला, १२० फूट. मुलांना परीक्षेत हेच उत्तर लिहायचं असतं. पण त्या दिवसाचं चौथं उड्डाण विल्बरचं होतं, ५९ सेकंद आणि ८५२ फूट. जवळजवळ मिनिटभर त्या चेन दात न सोडता फिरल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. जगाला विश्वास बसायला आणखी जवळपास पाच वर्षं गेली. १९०८ मध्ये विल्बर फ्रान्सला गेला. ल मान शहरात पेट्या उघडल्या तर आतलं विमान मोडतोड होऊन आलेलं. एका मोटार कारखान्यातली जागा मिळाली, तिथे तो कामगारांच्याच वेळा पाळून आठवडेच्या आठवडे दुरुस्ती करत राहिला. फ्रेंच वर्तमानपत्रं तोवर त्याची टर उडवत होती. ८ ऑगस्टला तो पावणेदोन मिनिटं उडाला, सहज वळणं घेत, आणि जमलेले लोक वेडे झाले. ३१ डिसेंबरला तो सलग दोन तास वीस मिनिटं हवेत राहिला.

त्यानंतरची वर्षं मात्र पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत गेली. मला त्याच्या आयुष्याचा हा भाग फार वाईट वाटतो. नवीन काही करायचं सोडून तो वकिलांच्या मागे फिरत राहिला. ३० मे १९१२ रोजी टायफॉइडने त्याचा मृत्यू झाला, वय फक्त ४५. दोघा भावांनी लग्न केलं नव्हतं. ऑर्व्हिल १९४८ पर्यंत जगला.

१९०३ चं ते विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याची मोठी, स्पष्ट चित्रं सहज मिळतात. वर्गात दाखवाल तेव्हा आधी काही सांगू नका, मुलांना फक्त चेन शोधायला लावा. इंजिनापासून मागे पंख्यांकडे जाणाऱ्या नळ्यांवर बोट ठेवणारं पोरगं बहुधा तेच असतं, ज्याचे हात सकाळी शाळेत येताना काळे झालेले असतात.