उसाचा मळा आणि विमानाचा कारखाना

आम्हा माधवगंजातल्या मराठी मंडळींना शिंदे सरकारच्या हत्तीघोड्यांच्या गोष्टी तोंडपाठ असतात. पण त्यांच्या एका जहाजाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी जखमी सैनिकांसाठी 'लॉयल्टी' हे जहाज घेतले होते. पुढे ते सोलापूरच्या एका ठेकेदाराने भागीदारांसह विकत घेतले आणि नव्या कंपनीला नाव दिले 'सिंदिया'. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ते ठेकेदार म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरचा धंदा कापसाचा व सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेचे ठेके घेतले. पुढे भोर घाटातील बोगद्यांची कामे केली. १९३० नंतरच्या दशकात नाशिक जिल्ह्यातील रावळगावी आणि इंदापूर तालुक्यातील कळंबजवळच्या माळरानावर त्यांनी ऊस पिकवून साखर कारखाने काढले. कळंबजवळची ती वसाहत म्हणजेच आजचे वालचंदनगर.

१९३९ साली प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी त्यांची गाठ पडली, आणि विमान कारखान्याचा विचार पक्का झाला. म्हैसूर संस्थानाने हात दिला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' स्थापन झाली. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचे छोटे प्रशिक्षण विमान तेथे जोडून तयार झाले. १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने कारखाना ताब्यात घेतला. शेठजी खचले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' काढली. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

ऊस आणि विमान हे त्यांच्या आयुष्यातील दोन वेगळे धागे. आज ते एकमेकांजवळ आले आहेत. साखरेच्या मळीपासून इथेनॉल बनते, आणि २०२५ मध्ये आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. मग पंपावरचे हे पेट्रोल छोट्या विमानात का भरू नये?

कारण इथेनॉल पाणी शोषून घेते. उंचावरच्या थंडीत ते पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि तेच इंजिनात गेले तर इंजिन बंद पडू शकते. जुन्या रबरी नळ्या व सीलही त्याने खराब होतात. शिवाय इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच. मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते, विमान नाही! म्हणून इंजिन उत्पादकाच्या व विमान खात्याच्या मंजुरीवाचून असे इंधन वापरता येत नाही.

पण वाट बंद नाही. ब्राझीलने 'इपानेमा' हे फवारणीचे विमान इथेनॉलसाठीच तयार केले. २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तिथे इंधनासाठी इंजिन बदलले. जुन्या इंजिनात नवे इंधन नुसते ओतले नाही.

शेठजींचा मार्गही हाच होता. विकत घेतलेल्या जहाजावर न थांबता त्यांनी विशाखापट्टणला जहाजबांधणीचा कारखाना काढला. आपल्या उसाचे इंधन आकाशात न्यायचे असेल तर त्याला साजेसे इंजिनही आपणच घडवायला हवे. वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांनी नफ्यातोट्याच्या हिशेबाबरोबर हा धडाही गिरवावा.