किशोरांचा कप्तान : सर विल्यम अलेक्झांडर स्मिथ

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक अनुभव हटकून येतो. दहा वर्षांचे मूल सुवर्णवचन उत्साहाने पाठ म्हणते. बारावे वर्ष उलटले, की तेच मूल मागच्या बाकावर सरकते, कुजबुजू लागते आणि काही महिन्यांनी येईनासे होते. आपण लहान उरलो नाही हे त्याला कळलेले असते. मोठ्यांनी मात्र ते अद्याप मानलेले नसते. या अवघड वयासाठी आपले आयुष्य वेचणारे गृहस्थ म्हणजे सर विल्यम स्मिथ.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला थर्सो गावाजवळ २७ ऑक्टोबर १८५४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या निधनानंतर किशोरवयातच ते ग्लासगोला मामांच्या व्यापारात दाखल झाले. आपल्या कथानायकाने स्वतःच ते वय परक्या शहरात काढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८७४ साली मूडी यांच्या सभांनी ग्लासगो शहर हलवून सोडले. त्याच काळात स्मिथ फ्री कॉलेज चर्चच्या मंडळीत सामील झाले. त्याच सुमारास ते स्वयंसेवक सैन्यातही भरती झाले. शनिवारी त्यांच्या हुकमावर पुरुषांची रांग हलत असे, आणि रविवारी नॉर्थ वुडसाइड रोडवरील मिशन हॉलमध्ये मूठभर मुले त्यांना जुमानत नसत. या विसंगतीतून त्यांना मार्ग सुचला.

४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्याच हॉलमध्ये बॉईज ब्रिगेडची स्थापना झाली. वयोमर्यादा बारा ते सतरा. पहिल्या काही आठवड्यांत पन्नासाहून अधिक मुले आली. वक्तशीरपणाचा आग्रह कळताच पुष्कळशी गळाली. स्मिथ यांनी नियम सैल केला नाही. गणवेश मात्र साधा ठेवला. नेहमीच्या कपड्यांवर टोपी, पट्टा आणि खांद्यावरची झोळी, एवढेच. त्यामुळे गरिबाच्या मुलालाही रांगेत मान खाली घालावी लागली नाही. संस्थेच्या उद्देशात त्यांनी आदरबुद्धी व शिस्त यांच्या जोडीला स्वाभिमान हा शब्द घातला. कामगारवस्तीतील मुलाला स्वाभिमान शिकवावा, असा विचार त्या काळी सहसा कोणी करीत नसे.

तथापि कवाईत आठवड्यातून एकदा होई आणि मुलगा पुन्हा गल्लीत परते. जुलैमधील ग्लासगो फेअरच्या सुटीत कारखाने बंद पडत आणि मुले मोकाट सुटत. म्हणून जुलै १८८६ मध्ये स्मिथ यांनी आपल्या कंपनीला काइल्स ऑफ ब्यूट या सामुद्रधुनीच्या काठी टिग्नाब्रुआइक येथे नेले. पहिल्या वर्षी मुक्काम एका हॉलमध्ये होता. तंबू पुढे आले. धुराने काळवंडलेल्या शहरातील मुलांना घरापासून दूर समुद्रकाठी नेऊन ठेवणे ही त्या वेळी धाडसाची गोष्ट होती. नेते आणि मुले एका छपराखाली राहिली. माझ्या मते खरे कार्य तेथेच झाले. रविवारी तासभर भेटणारा शिक्षक भक्तीचा मुखवटा घालू शकतो. शिबिरात सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत मुले त्याला पाहत असतात. आणि मुलालाही उमगते, की एखादे काम आपल्यावर सोपवले गेले आहे आणि ते आपल्यावाचून अडणार आहे. आपल्याकडे मे महिन्यात भरणाऱ्या शिबिरांतून व्याख्यानांची गर्दी पाहिली, की स्मिथ यांचे स्मरण होते.

संस्थेचे चिन्ह नांगर होते. ते इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातून घेतलेले आहे. (देशावरच्या वाचकाला नांगर म्हटले की शेत आठवते, ग्रीक भाषेत जहाजाच्या नांगराला निराळा शब्द आहे, म्हणून तेथे गोंधळ होत नाही. भाषांतरकाराला मात्र हा अध्याय थबकायला लावतो.) ज्या वयात मन सर्वांत अधिक हेलकावते, त्या वयासाठी ही प्रतिमा निवडणारा मनुष्य मुलांना ओळखत होता, यात शंका नाही.

त्यांच्यावर टीकाही झाली. मुलांच्या हाती लाकडी बंदुका कशाला, हा प्रश्न अनेक ख्रिस्ती जनांनी विचारला, आणि तो रास्त होता. १९१० च्या सुमारास युद्धखात्याने या मुलांना आपल्या कॅडेट योजनेत ओढू पाहिले, तेव्हा संस्थेने नकार दिला. बंदुका मात्र स्मिथ यांच्या हयातीत सुटल्या नाहीत. त्या १९२० नंतरच्या दशकात गेल्या.

बेडन-पॉवेल यांनी १९०४ साली ग्लासगो येथे ब्रिगेडचे संचलन पाहिले, आणि मुलांसाठी काही वेगळे लिहावे असे स्मिथ यांनी त्यांना सुचवले. १९०७ च्या ब्राउनसी बेटावरील प्रसिद्ध शिबिरात सुमारे निम्मी मुले बॉईज ब्रिगेडचीच होती. बालवीर चळवळीची कीर्ती पुढे जगभर गेली. स्मिथ यांचे नाव मागे राहिले. त्यांना त्याचे वैषम्य वाटल्याचे दिसत नाही.

१९०९ साली त्यांना सर हा किताब मिळाला. मे १९१४ मध्ये लंडनला संस्थेच्या बैठकीत ते आजारी पडले आणि १० तारखेला प्रभूकडे गेले. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये स्मरणविधी झाला व देह ग्लासगोला नेण्यात आला. त्या वेळी देशोदेशी हजारो मुले ब्रिगेडमध्ये होती. स्मिथ मात्र अखेरपर्यंत मिशन हॉलमधील त्या पहिल्या कंपनीचे कप्तानच राहिले.