वाऱ्याचे गणित जाणणारा सरखेल

मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे ४ जुलै १७२९ रोजी निधन झाले. तोपर्यंत सुमारे तीन दशके त्यांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या सत्तांना कोकण किनाऱ्यावर रोखून धरले होते. या यशामागे शौर्याइतकाच जहाजांच्या वेगाचा अचूक विचार होता.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी शिवकाळात सुवर्णदुर्गावर चाकरीस असल्याने दर्याची ओळख लहानपणीच झाली. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९८ मध्ये, ते सरखेल झाले. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी मराठ्यांचे दस्तक घ्यावे, हा त्यांचा आग्रह. इंग्रज कंपनीला तो मान्य नव्हता आणि संघर्षाचे मूळ तेथेच होते. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचे ‘अल्जेरीन’ हे सशस्त्र जहाज पकडले, तेव्हा कंपनीला या आरमाराची धास्ती बसली.

कोणती नौका अधिक वेगवान, या प्रश्नाचे उत्तर वारा आणि पाणी पाहूनच द्यावे लागते. शर्यतीच्या नौकांबाबत आजही हेच खरे आहे. युरोपीय जहाजे खोल बुडाची, चौकोनी शिडांची आणि तोफांनी जड होती. भर समुद्रात, पाठीशी जोराचा वारा असताना त्यांची ताकद दिसे. वारा मंदावला की ती जागीच खिळत. मराठ्यांची गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, फार तर ३०० टनांची, उथळ पाण्यातही चालणारी. गलबत त्याहून लहान, साधारण ७० टनांपर्यंतचे. त्याला मोठे त्रिकोणी शीड आणि ४०-५० वल्ही असत. केवळ वल्ह्यांवर ते तासाला सुमारे चार मैल जाई. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत.

हल्ला सहसा मागून होई, कारण शत्रूच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना असत. पहिला मारा डोलकाठ्यांवर केला जाई. शत्रूचा वेग असा हिरावल्यावरच सैनिक जहाजावर चढत. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत आपला निभाव लागणार नाही, हे ओळखून कान्होजींनी किनारा आणि किल्ल्यांचा आश्रय सोडला नाही.

१७१३ मध्ये त्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. पुढच्याच वर्षी बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या पक्षात आले. त्यानंतर इंग्रजांच्या विजयदुर्ग व खांदेरीवरील मोहिमा फसल्या. १७२० मध्ये त्यांनी विजयदुर्गावर आणलेली ‘फ्राम’ ही तोफांची तरंगती बॅटरीही निरुपयोगी ठरली. १७२१ मध्ये कमोडोर थॉमस मॅथ्यूज यांच्या चार युद्धनौका आणि पोर्तुगीज फौज मिळून कुलाब्यावर चालून आली, तीही हात हलवत परतली. १७२४ मध्ये डचांची तीच गत झाली.

कान्होजींच्या पश्चात मुलांत कलह माजला. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात नांगरलेल्या अवस्थेतच जळाले. ज्या नौकांचे बळ वेगात होते, त्यांना हलण्याची संधीच मिळाली नाही.

कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव देण्यात आले.