विजेची कणगी : गास्ताँ प्लाँते यांचे चरित्र

विद्यार्थी मित्रहो, पावसाळा सरला आणि दर्या शांत झाला, की आमच्या मोरजीच्या रस्त्यांवर नाना तऱ्हेची वाहने दिसू लागतात. त्यांत अधूनमधून एखादी विलक्षण मोटार असते. तिच्यात बिछाना असतो, लहानशी शेगडी असते, पंखा असतो, फ्रीजही असतो. हे चाकांवरचे घर माडांच्या सावलीत उभे राहते आणि रात्री त्याच्या खिडकीत दिवा लागतो. खांबावरची तार त्याला जोडलेली नसते आणि इंजिनही बंद असते. मग ही वीज येते कोठून? ती येते आसनाखाली ठेवलेल्या बॅटऱ्यांतून. इंजिन सुरू करणारी बॅटरी निराळी आणि या घरच्या बॅटऱ्या निराळ्या.

अशाच एका मोटारीतील कुटुंबाची फजिती आम्ही पाहिली आहे. पावसाळाभर त्यांनी गाडी झाकून उभी करून ठेवली होती. हिवाळ्यात मोठ्या हौसेने ते मोरजीला आले, आणि पहिल्याच रात्री तासाभरात दिवे मंदावून विझले. मिस्त्रीने तपासून सांगितले, की दोन्ही बॅटऱ्या कामातून गेल्या आहेत, नव्या घ्याव्या लागतील. खर्चाचा आकडा ऐकून घरधनी गप्प झाले. त्यांच्या मुलाला मात्र एकच कोडे पडले होते. चार महिने ज्या बॅटऱ्यांना कोणी हातही लावला नाही, त्या झिजल्या कशा? या कोड्याचे उत्तर एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या चरित्रात आहे. म्हणून यंदाच्या अंकात आम्ही ते चरित्र सांगत आहो.

गास्ताँ प्लाँते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील ऑर्तेझ या गावी झाला. त्यांचे धाकटे बंधू फ्रान्सिस हे पुढे पियानोवादक म्हणून युरोपभर गाजले. एका भावाने सुरांची उपासना केली, दुसऱ्याने विजेची. गास्ताँ यांचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले आणि १८५४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तेथील कला व उद्योग यांच्या प्रसिद्ध संस्थेत ते पदार्थविज्ञानाचे साहाय्यक म्हणून लागले. एदमाँ बेकेरेल या प्राध्यापकांच्या व्याख्यानांसाठी प्रयोगांची मांडामांड करणे हे त्यांचे काम. काम दुय्यम होते, पण पाहणाऱ्या डोळ्याला दुय्यम असे काही नसते.

याचा प्रत्यय लवकरच आला. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथे प्लाँते यांना मातीच्या थरात एक अश्मीभूत हाड सापडले. ते मनुष्याच्या जन्माच्या फार पूर्वी पृथ्वीवर वावरलेल्या, उडू न शकणाऱ्या एका प्रचंड पक्ष्याचे होते. शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याला गास्ताँ यांच्या नावावरून गास्तोर्निस हे नाव दिले. एकविसाव्या वर्षी एवढा मान मिळाल्यावर दुसरा कोणी हाडेच शोधीत बसला असता. प्लाँते आपल्या प्रयोगशाळेत परत गेले.

त्या काळी विजेची स्थिती काय होती हे येथे सांगितले पाहिजे. १८०० मध्ये इटलीतील व्होल्टा यांनी आपला विद्युत्घट जगापुढे मांडला होता. त्याच्या आणि त्याच्या वंशातील घटांच्या योगे तारायंत्रे चालत होती. परंतु या घटांत जस्त खर्ची पडे; ते संपले की घट निकामी होई. चुलीत लाकूड जळून राख व्हावी तसाच हा प्रकार. राखेतून पुन्हा लाकूड कोण करणार?

घटांत आणखी एक उपद्रव होता. प्रवाह चालू असता धातूच्या पत्र्यांवर असा काही फरक घडे, की उलट दिशेचा प्रवाह उत्पन्न होऊन मूळ प्रवाह दुबळा होई. बहुतेकांना ही ब्याद वाटे आणि ती टाळावी कशी याची चिंता ते करीत. प्लाँते यांनी मात्र या उलट्या प्रवाहाचाच अभ्यास आरंभिला. तांबे, रुपे, कथील, सोने, प्लॅटिनम अशा अनेक धातू त्यांनी एकामागून एक पारखल्या. सर्वांत जोरदार आणि सर्वांत टिकाऊ असा उलटा प्रवाह कोणत्या धातूने दिला? मौल्यवान सोन्याने नव्हे, प्लॅटिनमनेही नव्हे. तो दिला साध्या, जड, मळकट शिशाने.

१८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, मध्ये कापड घालून ते वळकटीसारखे गुंडाळले आणि पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडविले. या घटातून बाहेरचा प्रवाह सोडला, की एका पत्र्यावर तपकिरी थर चढे आणि दुसरा पत्रा सच्छिद्र, मऊ शिशाचा होई. मग बाहेरचा प्रवाह काढून घेतला, तरी तो घट स्वतः वीज देऊ लागे. रिकामा झाला की पुन्हा भरावा, भरला की पुन्हा वापरावा. विजेची कणगी तयार झाली! १८६० मध्ये असे नऊ घट एकत्र जोडून त्यांनी ते फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेविले. आज घरोघरच्या इन्व्हर्टरखाली जी ॲसिडची बॅटरी असते, तिचे कूळ येथे सुरू होते.

येथून प्लाँते यांच्या कसोटीचा काळ सुरू झाला. कणगी झाली, पण भात कोठे होते? मोठ्या प्रमाणावर वीज उत्पन्न करणारे चांगले यंत्र तेव्हा नव्हते. आपले घट भरण्यासाठी प्लाँते यांना त्याच जुन्या, जस्त खाणाऱ्या घटांचा आधार घ्यावा लागे. साठविण्याइतकी वीज ज्यांच्यापाशी नाही, त्यांना कोठाराचे काय होय? शिवाय नवा पत्रा प्रथम अगदी थोडी वीज धरी. तो पुनः पुन्हा भरावा, रिता करावा, उलट्या दिशेने भरावा, काही दिवस स्वस्थ ठेवावा, पुन्हा तेच करावे. असे महिनोन्महिने केल्यावर शिशाच्या आतवर बदल पोचे आणि घटाचे पोट मोठे होई. एकेक घट असा वळण लावून तयार करावा लागे.

प्लाँते या कामाला कंटाळले नाहीत. १८६० पासून ते सामान्य जनांना शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत पदार्थविज्ञान शिकवू लागले होते. प्रयोगही अखंड चालू होते. शेकडो घट त्यांनी आधी शेजारी-शेजारी जोडून भरले आणि मग एकापुढे एक जोडून त्यांतून प्रचंड दाबाची वीज काढली. तिच्या ठिणग्यांवरून आकाशातील विजेचे स्वरूप उकलते का, याचा त्यांनी शोध घेतला. १८७९ मध्ये त्यांनी हे सारे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

अखेर काळ त्यांच्या मागून चालत आला. १८७१ मध्ये ग्राम यांनी आपले वीज उत्पन्न करणारे यंत्र त्याच अकादमीपुढे मांडले होते. अशा यंत्रांचा प्रसार झाला आणि कणगी भरण्यास वीज मिळू लागली. १८८१ मध्ये त्रूव्हे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर अशा घटांच्या बळावर तीनचाकी गाडी चालवून दाखविली. घोडा नाही, वाफ नाही, आणि गाडी चालते आहे! त्याच सुमारास कामीय फोर यांनी शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली. त्यामुळे महिन्यांचे काम थोडक्या वेळात होऊ लागले आणि बॅटरीचे कारखाने निघाले. मूळ पाया मात्र प्लाँते यांनीच घातलेला होता. २१ मे १८८९ रोजी पॅरिसजवळ बेलव्ह्यू येथे, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ज्या म्यूदाँ भागात तरुणपणी त्यांना ते हाड सापडले, त्याच भागातले हे ठिकाण.

आता त्या मुलाच्या कोड्याकडे वळू. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचे एक पांढुरके लवण साचते. लगेच भरली, तर ते लवण विरघळून जाते. पण बॅटरी रिकामी तशीच पडून राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग ते निघत नाहीत. शिवाय नुसती ठेवलेली बॅटरीही आपोआप थोडी थोडी रिती होत असते. त्या कुटुंबाच्या बॅटऱ्या वापराने झिजल्या नव्हत्या, त्या उपासाने मेल्या होत्या. पावसाळ्यापूर्वी त्या पूर्ण भरून, तारा सोडवून ठेवल्या असत्या आणि दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरल्या असत्या, तर तो प्रसंग आला नसता.

नवी बॅटरी घेताना आधी हिशेब करावा. दोन पंखे प्रत्येकी २ अँपिअरने ८ तास चालले, तर ३२ अँपिअर-तास झाले. दिवे मिळून २ अँपिअरने ५ तास, म्हणजे १०. लहान फ्रीज सरासरी २ अँपिअरने २४ तास, म्हणजे ४८. दिवसाची बेरीज ९०. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून १८० ची तरतूद हवी, म्हणजे १०० च्या दोन बॅटऱ्या. त्या जाड पत्र्यांच्या असाव्यात. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीचे पत्रे पातळ असतात. ती क्षणभर मोठा जोर लावते, पण रात्रभराचे ओझे तिला झेपत नाही. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये, कारण जुनी बॅटरी नवीलाही ओढून खाली आणते.

निगा अवघड नाही, नियमित मात्र हवी. स्वस्थ ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या जवळ आली की निम्मी संपली असे समजावे. पाणी घालण्याच्या बॅटरीत पत्रे सदैव बुडलेले असावेत. भरून झाल्यावर पाणी घालावे, तेही डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचे किंवा नळाचे नव्हे. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हवा खेळती असावी आणि ठिणगी दूर असावी. खाऱ्या वाऱ्याने तारांच्या जोडांवर बुरा धरतो, तो पुसून जोडांना व्हॅसलीन लावावे. ॲसिडचे काम मुलांनी एकट्याने करू नये.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या वजनाने निम्म्याहून हलक्या असतात आणि बहुतेक सगळी साठवण वापरू देतात. पण त्यांची किंमत अधिक असते, त्यांना योग्य चार्जर लागतो, आणि दीर्घकाळ ठेवताना त्या निम्म्या भरलेल्या बऱ्या. शिशाची बॅटरी मात्र भरूनच ठेवावी. निकामी झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. शिसे विषारी आहे, आणि ते वितळवून पुन्हा वापरताही येते. म्हणून ती विक्रेत्याकडे परत द्यावी. भारतात २००१ पासून यासाठी नियम आहेत आणि २०२२ मध्ये ते नव्याने झाले आहेत.

मित्रहो, आमच्या मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांना काळोख हवा, निवांतपणा हवा. अशा रात्री एखाद्या चाकांवरच्या घरात जनरेटरचा आवाज न होता, पडद्याआड एक लहानसा दिवा जळत असेल, तर तेथे प्लाँते यांचे स्मरण करावे. ज्याला जग उपद्रव म्हणत होते, त्यात त्यांनी भांडार पाहिले. आणि त्या भांडाराची गरज जगाला भासण्यापूर्वी वीस वर्षे ते एकट्याने त्याची मशागत करीत राहिले. भात झोडून झाल्यावर आमच्या वाडवडिलांनी कणगी भरली आणि ती उंदीर-ओलीपासून जपली, म्हणूनच पावसाळ्यात घरची चूल पेटली. विजेची कणगीही तशीच असते. जी वेळेवर भरली आणि नित्य जपली, तीच अडीअडचणीला उजेड देते. विद्येचेही याहून निराळे नाही.