क्रॉस मैदानात इटालियन सर्कस पाहिली आणि एका मराठी चाबुकस्वाराने स्वतःची सर्कस उभी केली

सकाळी महालक्ष्मी रेसकोर्सवर चक्कर मारली की एक मस्त दृश्य दिसतं. एका बाजूला चालायला आलेली माणसं, दुसऱ्या बाजूला सरावाला निघालेले घोडे. आता या सुमारे २११ एकर जागेपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं ठरलंय. दक्षिण मुंबईत पर्यटकांना फिरवणाऱ्या व्हिक्टोरिया तर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. आईबाबांनी लहानपणी चौपाटीवर घोड्यावर बसवलं होतं, हे सांगणारी आपली पिढी बहुतेक शेवटचीच.

म्हणजे मुंबईतली मोकळी जागा आणि घोडा हे नातं आता आटत चाललंय. पण साधारण दीडशे वर्षांपूर्वी इथल्याच एका मैदानातल्या घोड्यांमुळे एका मराठी माणसाचं आयुष्य बदललं होतं.

त्यांचं नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या सुमारास कृष्णाकाठच्या अंकलखोपचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. त्यांना दोन गोष्टींचं वेड होतं, एक गाणं आणि दुसरं घोडे. तेव्हा या दोन्ही गोष्टी शिकायच्या तर संस्थानांच्या दारात जावं लागायचं. कारण गवयाला पोसायचा तो राजा आणि उमदे घोडे असायचे तेही राजाच्याच पागेत.

विष्णुपंतांनी थेट ग्वाल्हेर गाठलं. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात त्यांना दोन्ही विद्यांचे गुरू मिळाले. गाण्यासाठी ख्यालगायकीतलं मोठं नाव असलेले हद्दू खाँ आणि घोड्यांसाठी बाबासाहेब आपटे.

आता चाबुकस्वार म्हटलं की हातात चाबूक घेऊन घोड्याला बडवणारा माणूस डोळ्यासमोर येतो. पण हे काम वेगळं असतं. चाबुकस्वार म्हणजे कोऱ्या घोड्याला शिकवून स्वारीसाठी तयार करणारा जाणकार. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि कान चारी दिशांना फिरतात. साधा कागद फडफडला तरी तो बिचकून उधळतो. त्याला लांब दोरी लावून गोल फिरवायचं, आवाज ओळखायला शिकवायचं, चाबकाच्या टोकाने दिशा दाखवायची आणि जमलं की पाठ थोपटायची. असं रोज, महिनोन्महिने करायचं. तेव्हा कुठे तो माणसावर भरवसा ठेवायला लागतो. बागेत फिरवायला आणलेला घोडा लहान पोराला पाठीवर घेऊन शांत चालतो, त्यामागेही कुणाची तरी हीच मेहनत असते.

ही विद्या घेऊन विष्णुपंत परतले आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात घोड्यांच्या कामाला लागले. शिकवलेल्या घोड्यांचे खेळही ते करून दाखवायचे.

मग आलं १८७९ साल.

जुझेप्पे कियारिनी नावाचा इटालियन माणूस आपली ‘रॉयल इटालियन सर्कस’ घेऊन मुंबईत आला. तंबू पडला क्रॉस मैदानात.

या मैदानाचीही एक गोष्ट आहे. मुंबईच्या किल्ल्यासमोर तोफांचा मारा करता यावा म्हणून इंग्रजांनी मोठी जागा मोकळी ठेवली होती. १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या. पुढे त्याच मोकळ्या जागेचे तुकडे पडून आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदानं झाली. धोबीतलाव ओलांडला की गिरगाव, म्हणजे मराठी वस्तीही हाकेच्या अंतरावर. तोफांसाठी राखलेली जागा अशी लोकांच्या करमणुकीला मिळाली.

आज सर्कस म्हटलं की झुला आणि जोकर आठवतात. पण आधुनिक सर्कसचा जन्म झाला तो घोड्यांपासून. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या माजी घोडदळ सैनिकाने गोल फिरणाऱ्या घोड्यावर उभं राहून खेळ दाखवायला सुरुवात केली. घोडा ठरावीक वेगाने गोल पळाला की स्वार किंचित आत झुकतो आणि पाठीवर उभं राहून तोल सांभाळणं सोपं जातं. यातूनच ४२ फूट व्यासाचं रिंगण ठरलं आणि पुढे जगभरच्या सर्कशींनी तेच वापरलं. वारीतल्या गोल रिंगणात पळणारा अश्व पाहिलेल्या आपल्या माणसांना गोल धावणाऱ्या घोड्याचं अप्रूप वेगळं सांगायला नको.

कियारिनीच्या तंबूत प्रेक्षकांमध्ये विष्णुपंत होते आणि त्यांच्यासोबत कुरुंदवाडचे बाळासाहेब पटवर्धनही होते. पुढे काय झालं याच्या गोष्टी थोड्याफार फरकाने सांगितल्या जातात, पण गाभा एकच. भारताकडे स्वतःची सर्कस नाही आणि ती व्हायला अजून बरीच वर्षं लागतील, अशा अर्थाचं काहीतरी कियारिनी बोलून गेला. ते विष्णुपंतांना लागलं. समोर घोडे जे करत होते ते त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी आव्हान स्वीकारलं.

२० मार्च १८८० हा विष्णुपंतांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला दिवस मानला जातो आणि भारतीय सर्कसचा जन्मदिवसही. घोड्यांच्या खेळात मुख्य स्वार स्वतः विष्णुपंत होते, तर झुल्यावर त्यांच्या पत्नी कसरती करायच्या. १८८० च्या दशकात एका मराठी ब्राह्मण घरातली बाई तंबूत हजारो डोळ्यांसमोर झुल्यावर चढते, हे तेव्हाच्या समाजाला किती मोठं वाटलं असेल याचा अंदाज करून बघा.

इथे आणखी एक मोठी गोष्ट घडली होती. जी विद्या आजवर राजाची पागा आणि दरबार यांच्यातच राहिली होती, ती आता तिकीट काढून कुणालाही बघता येत होती. चाबुकस्वाराचा पोशिंदा बदलला होता. राजाच्या जागी मैदानातली गर्दी आली होती.

ही गर्दी गोळा करत विष्णुपंतांची सर्कस मुंबईत, देशभर आणि देशाबाहेरही फिरली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती केरळातल्या तलश्शेरीला पोहोचली. तिथे त्यांना कळरी शिकवणारे कीलेरी कुञ्ञिकण्णन भेटले. कुञ्ञिकण्णन मुलांना कसरती शिकवतील आणि विष्णुपंत त्यांना सर्कशीत काम देतील, असं ठरलं. १९०१ साली कुञ्ञिकण्णन यांनी सर्कसची शाळाच काढली. पुढे केरळ भारतीय सर्कसचं माहेर बनलं, त्याची एक मुळी अशी सांगलीच्या मातीत सापडते. इकडे महाराष्ट्रातही देवल, कार्लेकर अशी सर्कशीतली मोठी नावं याच पट्ट्यातून पुढे आली.

आणि विष्णुपंतांच्या गाण्याचं काय झालं? ते सुटलं नव्हतं.

त्यांचे गुरू हद्दू खाँ वारल्यावर मुलगा रहमत खाँ अफूच्या आहारी गेला होता. गळा दैवी, पण माणूस पार कोलमडलेला. बनारसमध्ये तो अशा हालात विष्णुपंतांना सापडला. विष्णुपंतांनी त्याला सोबत घेतलं, सांभाळलं आणि पुन्हा गातं केलं. सर्कसच्या मुक्कामात रहमत खाँच्या बैठकी व्हायला लागल्या. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँवर ज्या गायकीचा प्रभाव पडला, ती हीच. बिथरलेल्या जिवाला धीराने वळणावर आणायची सवय विष्णुपंतांना घोड्यांनी लावली होती. ती इथे कामी आली, असं म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत विष्णुपंत गेले. त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनी सर्कस आणि रहमत खाँ या दोघांचीही जबाबदारी घेतली. १९२२ साली कुरुंदवाडलाच रहमत खाँ यांचं निधन झालं.

नंतरच्या काळात सर्कस बदलत गेली. घोड्यांपेक्षा वाघ-सिंहांचं आकर्षण वाढलं आणि सोबत त्यांचे हालही. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. व्हिक्टोरियांच्या बाबतीतही न्यायालयासमोर मुद्दा होता तो घोड्यांच्या हालांचाच. त्यामुळे जुने दिवस परत आणा, असं म्हणण्यात अर्थ नाही.

पण महालक्ष्मीच्या नव्या उद्यानाची चर्चा होते तेव्हा विष्णुपंतांची गोष्ट आठवायला हवी. मैदान सगळ्यांना खुलं असलं की तिथे काय रुजेल हे आधी सांगता येत नाही. क्रॉस मैदानात आज क्रिकेट चालतं आणि शेजारच्या फॅशन स्ट्रीटवर टी-शर्टची घासाघीस. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा. इथेच कुठेतरी प्रेक्षकांत बसून अंकलखोपच्या एका माणसाने, हे आपल्यालाही जमतं, असं मनाशी ठरवलं होतं.